व्हर्नामावशीचं बेसमेंट

इलिनॉयमधल्या शॉमबर्गच्या घरात आम्ही राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून शेजारच्या अंगणात पाहिलं, तर कपडे वाळत घालायच्या दोरीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकत होत्या. आठ-दहा पिशव्या, धुतलेल्या, प्रत्येकीला लाकडी चिमटा. त्यांच्या शेजारी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दोन तुकडे, तेही धुतलेले. मी शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हाक मारून दाखवलं. म्हटलं, "अमेरिकेत म्हणे सगळं वापरून फेकतात. ही बाई तर माझ्या आईच्या वरताण निघाली."

ही बाई म्हणजे व्हर्ना. वय तेव्हा सत्याहत्तर, उंची माझ्या खांद्यापर्यंत, आवाज मात्र या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. नवरा वॉल्टर जाऊन बारा वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी अ‍ॅरिझोनात. आजूबाजूला नुसती मक्याची शेतं होती तेव्हापासून ती त्या घरात राहत होती. आता चहूकडे ऑफिसं, मॉल आणि आमच्यासारखे भाड्याने राहणारे कॉम्प्युटरवाले. पहिल्याच भेटीत म्हणाली, "मला व्हर्ना म्हण." मी पडले नागपूरची. आईपेक्षा मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे माझी जीभच वळेना. पंधरा दिवस मी नुसत्या 'एक्स्क्यूज मी'वर काढले. मग एक दिवस सरळ मावशी म्हणून टाकलं आणि मावशी म्हणजे काय तेही सांगितलं. तिने थोडा विचार केला. "आईची बहीण होय? माझ्या चार बहिणी होत्या, सगळ्या गेल्या. चालून जाईल," म्हणाली.

'चालून जाईल' हा तिचा ठरलेला शेरा. ती अर्थात इंग्रजीतच बोलायची, मी आपलं मला जसं ऐकू यायचं तसं लिहितेय. कोटाचं फाटलेलं अस्तर दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलं, चालून जाईल. मी पहिल्यांदा केक केला आणि तो मधोमध खचला, तरी चालून जाईल. यापेक्षा मोठी शाबासकी तिच्याकडे नव्हती. पदार्थ खरोखर बिघडला असेल तर ती काहीच बोलायची नाही, फक्त जास्त पाणी प्यायची.

तिच्या घरात टाकाऊ असं काही नव्हतंच. साबणाच्या झिजलेल्या चिपा एकमेकींवर दाबून नवी वडी व्हायची. आलेली पाकिटं उलगडून त्यांच्या आतल्या बाजूला वाणसामानाच्या याद्या व्हायच्या. आमच्या ईशाच्या पाचव्या वाढदिवसाला पोरं गिफ्टांचे कागद टराटरा फाडायला लागली, तेव्हा मावशीने चक्क डोळे मिटून घेतले. मग तिने ते सगळे तुकडे गोळा करून घरी नेले, इस्त्री केले आणि ख्रिसमसला आम्हाला बनाना ब्रेड दिला तो त्याच हत्तींच्या चित्रांच्या कागदात बांधून. आमच्या मराठी मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "एकटी राहते ना बिचारी, म्हणून असं होतं हो." मला राग आला. बिचारी म्हणावं असं त्या बाईत काही नव्हतं.

तिचं बालपण मी ऐकलं ते तुकड्यातुकड्यांनी, तिच्या स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता. सांगायची ती मला नाही, ईशाला. मी बाजूला बसून ऐकायची. इलिनॉयच्या पार पश्चिमेला, मिसिसिपी नदीच्या अलीकडे त्यांचं शेत. सात भावंडं, मावशी पाचवी. ती सहा वर्षांची असताना मंदी आली आणि ती पंधरा-सोळाची होईपर्यंत मुक्काम ठोकून राहिली. शनिवारी स्वयंपाकघरात मोठं घंगाळ ठेवून आंघोळी व्हायच्या, एकाच पाण्यात, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. "माझा नंबर यायचा तोवर पाण्याचं सूप झालेलं असायचं," ती म्हणायची. ईशा म्हणायची, "यक!" आणि पुढच्या वेळी तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावायची.

पिठाची पोती छापील कापडाची यायची. त्या पोत्यांचे मुलींना फ्रॉक शिवायचे. एका फ्रॉकला तीन पोती लागत, म्हणून वडील गावात निघाले की सगळ्या बहिणी त्यांच्या मागे लागायच्या, की निळ्या फुलांचंच आणा, मागच्याशी जुळायला हवं. वडील हमखास पिवळं आणायचे. आतले कपडे मात्र साध्या पोत्यांचे. त्यांच्यावरची गिरणीची अक्षरं कितीही घासली तरी पुरती जायची नाहीत. शाळेत मावशी घसरगुंडीवरून पडली आणि मागे उभ्या असलेल्या पोरांनी 'उत्तम मैदा' असं मोठ्याने वाचलं. सत्तर वर्षांनी हे सांगतानाही ती लाल व्हायची.

हिवाळ्यात शाळा दोन मैलांवर. आई सकाळी दोन बटाटे निखाऱ्यात भाजून कोटाच्या दोन खिशांत घालायची. जाताना हात गरम राहायचे आणि दुपारी तेच बटाटे जेवायचे. हे ऐकल्यावर ईशाने दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर जायच्या आधी बटाट्यांसाठी भोकाड पसरलं. मी मायक्रोवेव्हमध्ये दोन बटाटे केले आणि दिले तिच्या खिशात. दुपारी टीचरची चिठ्ठी आली, की ईशाच्या जॅकेटमध्ये अन्न सापडलं, घरी सगळं ठीक आहे ना? ती चिठ्ठी वाचून मावशी इतकी हसली की तिला चष्मा काढून ठेवावा लागला.

सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं. एका हिवाळ्यात मक्याचा भाव इतका पडला की कोळसा आणण्यापेक्षा मका जाळणं परवडायला लागलं. घरभर भाजलेल्या कणसांचा वास. "आम्हा पोरांना मजा वाटायची," मावशी म्हणाली. "वडील मात्र शेगडीकडे पाठ करून बसायचे." एवढंच सांगून ती मटार सोलत राहिली. मी एकदा विचारलं, आपण गरीब आहोत हे तेव्हा कळत होतं का? "चांगलं कळत होतं. पण सगळेच होते, त्यामुळे त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं."

त्यांच्या घरी जेवणाची एक रीत होती. प्रार्थना झाली, की ताटात काही पडायच्या आधी प्रत्येकाने आज आपण काय काम केलं ते सांगायचं. वडिलांपासून सुरुवात, मग वयाप्रमाणे खाली. तीन वर्षांच्या धाकट्याने 'मांजराला दूध दिलं' एवढं म्हटलं तरी भागायचं, पण काहीतरी सांगायला हवं. मावशीने ही रीत आयुष्यभर सोडली नव्हती. तिच्याकडे जेवायला गेलं की आम्हीही सांगायचो. शिरीष घरी येऊन म्हणायचा, "यार, ऑफिसात स्टेटस रिपोर्ट देतोच, आता हिलाही द्यायचा." पण द्यायचा, आणि जरा रंगवूनच द्यायचा.

दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात शिरीषची नोकरी गेली. दोन महिने पगारावर ठेवतो, कंपनीवाले म्हणाले. तेवढ्यात दुसरी कंपनी व्हिसासकट घ्यायला तयार झाली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळून परत. आम्ही कुणाला सांगितलं नाही. अमरावतीला सासूसासऱ्यांना नाही, मंडळात तर नाहीच. शिरीष रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून निघायचा आणि लायब्ररीत जाऊन बसायचा. संध्याकाळी सहाला परत. हा वेडेपणा आपल्याच माणसांनी करावा. दिवाळीच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, कसं चाललंय? तर म्हणाला, "कामाचं जाम लोड आहे यार." मी शेजारी उभी राहून चकली खात होते.

तीन आठवड्यांत तो बोलायचा थांबला. रागावला असता तर मला चाललं असतं, मी भांडायला कायम तयार असते. पण तो नुसता गप्प. ईशा मांडीवर चढली की तिला उचलून खाली ठेवायचा. मला परत जायची भीती नव्हती. नागपूर काही वाईट नाही. भीती होती ती ही, की परत नेईन तेव्हा या माणसात काय शिल्लक राहिलेलं असेल.

मावशी दर मंगळवारी लायब्ररीत पेपर वाचायला जायची. तिथे तिने शिरीषला पाहिलं. तो मासिकांच्या कपाटाआड झाला, हे त्यानेच मला नंतर सांगितलं. ती पेपर वाचत राहिली. शुक्रवारी मात्र तिने आम्हाला जेवायला बोलावलं.

प्रार्थना झाली. मावशीने स्वतःपासून सुरुवात केली, की सफरचंदाचा मुरंबा भरला, नऊ बरण्या. ईशाने 'आय ड्रू अ काऊ' सांगितलं. मी पडदे धुतले होते. मग सगळे शिरीषकडे बघायला लागलो. त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. "काही नाही केलं," तो म्हणाला. "आज नाही, तीन आठवडे झाले, काहीच केलेलं नाही." मला वाटलं, आता ही बाई सॉरी म्हणणार, त्याच्या हातावर हात ठेवणार, आणि हा उठून निघून जाणार. पण ती फक्त "बरं" म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात बटाटे वाढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती आमच्या दारात. "शिरीष, बेसमेंटमध्ये ओल येतेय असं वाटतंय. वॉल्टरची खोकी वर गॅरेजमध्ये न्यायला हवीत आणि माझे गुडघे काही ऐकत नाहीत. तुला वेळ आहे का?" वेळाशिवाय त्याच्याकडे होतं काय? तो गेला. चाळीसेक खोकी होती, पुस्तकं, हत्यारं, काचेच्या बरण्या, एकेक खोकं दगडासारखं जड. दोन दिवस लागले. दुपारी ती त्याला जेवायला बसवायची आणि आधी विचारायची, काय काम केलंस? "एकवीस खोकी," असं त्याने सांगितल्याचं मला ईशाने येऊन सांगितलं. त्या दिवशी तो घरी आला तो भूक लागली म्हणत आला, जेवून गेला होता तरीही. रात्री त्याला झोप लागली. सोमवारी त्याने फोनवर एक इंटरव्ह्यू दिला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला.

आठवड्याने मावशी पुन्हा दारात. गॅरेजमध्ये उंदीर झालेत, खोकी परत खाली न्यायला हवीत. नेली. मग चार दिवसांनी, खालच्या भिंतीला रंग द्यायचा विचार आहे, खोकी या भिंतीकडून त्या भिंतीकडे. तीही लावली. रंग काही आला नाही. आता मात्र माझं डोकं फिरलं. आधी वाटलं, म्हातारीला विसरायला व्हायला लागलं, अ‍ॅरिझोनाला मुलीला फोन करावा. मग वाटलं, छे, ही चांगली शहाणी आहे, रिकामा माणूस सापडलाय म्हणून वापरून घेतेय. माझा नवरा इंजिनिअर, आणि ही त्याला हमाल समजते? शनिवारच्या जेवणाला मी गेले ती हे तोंडावर सांगायचंच ठरवून.

मी बोलायच्या आधी ईशाने तोंड उघडलं. तिला शेतावरची गोष्ट हवी होती, नवी, आंघोळीची नको. मावशी ब्रेडला लोणी लावत सांगायला लागली. त्यांच्या शेतापासून अर्ध्या मैलावर रेल्वेचा फाटा होता. मालगाड्यांतून लपून माणसं यायची, कामाच्या शोधात गावोगाव फिरणारी. मागच्या दाराशी येऊन, टोपी हातात घेऊन विचारायची, बाई, काही काम आहे का? घरात तर पोरांनाच पुरेसं काम नव्हतं. आई म्हणायची, आहे ना. ती शेडजवळची लाकडं तेवढी कुंपणाकडे नेऊन रचायची आहेत, माझी पाठ दुखते. माणूस लाकडं न्यायचा, पंपावर हात धुवायचा, आणि आई त्याला घरच्याच जेवणातलं ताट वाढून द्यायची.

"आणि संध्याकाळी शाळेतून आलं की," मावशी म्हणाली, "आम्ही पोरं ती सगळी लाकडं परत शेडजवळ आणायचो. उद्या कुणी आलं तर काम नको का?"

"एव्हरी डे?" ईशाने विचारलं.

"कधी कधी दिवसातून दोनदा. हातात कुसळं जायची. मी आईवर जाम चिडायची."

"पण तुझी मॉम त्यांना जस्ट फूड का नाही द्यायची?" आमची लेक म्हणाली.

"दिलं असतं की. पण मग त्यांनी ते खाल्लं असतं कसं?"

मी शिरीषकडे बघायचं टाळत होते. त्याचा काटा ताटाजवळ थांबलेला दिसत होता. आता हा उठेल, दार आपटेल, आणि दोन आठवड्यांत जे थोडं सावरलंय ते एका क्षणात जाईल, असं मला वाटलं. मावशी शांतपणे लोणी लावत होती.

"मावशी," शिरीष म्हणाला, "बेसमेंटमध्ये ओल येतच नाही ना?"

"कधीच आली नाही. वॉल्टरने स्वतः उभं राहून बांधून घेतलंय."

"आणि उंदीर?"

"एक होता. पण तो वॉल्टर असताना."

शिरीषचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतोय. तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग डोळ्यांतलं पाणी बराच वेळ थांबलं नाही. मावशीने त्याच्याकडे पेपर नॅपकिन सरकवला, अर्धा, कारण अख्खा ती कुणालाच द्यायची नाही. नाक पुसून तो म्हणाला, "मग सोमवारी खोकी कुठे?"

"गॅरेजमध्ये. पण आठला ये. साडेनऊला मला केस सेट करायला जायचंय."

सोमवारी तो गेला, सगळं माहीत असून गेला. हे काही माझ्या डोक्यात शिरेना. त्याला विचारलं तर म्हणाला, "तुला नाही कळायचं." मग मी मावशीलाच विचारलं. कळल्यावरही तो येतो कसा?

ती म्हणाली, एका हिवाळ्यात तिचे वडीलही असेच काम शोधत पश्चिमेला गेले होते. दोन महिने पत्ता नव्हता. परत आले तेव्हा निम्मे झाले होते. त्या रात्री टेबलावर त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी सांगितलं, नेब्रास्कात एका बाईच्या अंगणातले दगड एका बाजूचे दुसऱ्या बाजूला नेले, नीट रचून दिले. आईने अ‍ॅप्रन तोंडाला लावला. "वडील तिला म्हणाले, अगं, बघताक्षणीच ओळखलं मी. दगडांखालचं गवत सगळं पिवळं, दोन्हीकडचं. पण तिने मला मान वर ठेवून बोलू दिलं, मग मीही मान वर करूनच जेवलो." मावशीने पुढे सांगितलं, "त्यानंतर लाकडं आणताना मी कधी कुरकुर केली नाही."

शिरीषचं लायब्ररीत जाऊन बसणं त्या आठवड्यात बंद झालं. शिरीषने अमरावतीला फोन करून वडिलांना सांगितलं. सासरे म्हणाले, "हात्तिच्या, एवढंच ना?" आणि सासूबाईंनी फोन घेऊन पहिलं विचारलं, जेवतोस ना नीट? मग मंडळाच्या मीटिंगमध्ये त्याने सरळ सांगून टाकलं, माझा जॉब गेलाय, कुणाला काही माहीत असेल तर बोला. नंतर चहाच्या वेळी एकेक करून तिघं जवळ आले. तिघांचेही गेले होते, आणि त्यातला एक रोज शेजारच्या गावच्या लायब्ररीत जाऊन बसत होता. त्याच्याच मेहुण्याच्या ओळखीतून व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या एका कंपनीचा पत्ता लागला. दोन महिने संपायला नऊ दिवस उरले असताना त्यांचा होकार आला, व्हिसासकट.

निघायचा दिवस उजाडला, डिसेंबरचा, बारीक बर्फ पडत होता. गाडी खचाखच भरली, ईशाला सीटमध्ये बांधलं, आणि शिरीष गायब. व्हर्जिनिया काही जवळ नाही. मी तणतणत मावशीच्या घरात शिरले आणि बेसमेंटचा जिना उतरले.

तो पहाटेपासून तिथे होता. गॅरेजमधल्या फळ्या आणून त्याने भिंतीभर रॅक उभे केले होते. चाळीसच्या चाळीस खोकी त्यांवर ओळीने चढवलेली, प्रत्येकावर जाड मार्करने लिहिलेलं, बरण्या, वॉल्टरची हत्यारं, ख्रिसमस, शिवणाचे कागद. फरशी झाडलेली. मावशी घरातल्या कोटात शेवटच्या पायरीवर उभी होती आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होती.

"शिरीष," ती म्हणाली, "हे काय करून ठेवलंस? आता पुढच्याला मी काम काय देऊ?"

शिरीषने हात पॅन्टला पुसले. मावशीने त्याचा धुळीचा हात हातात घेतला आणि पुरुष पुरुषांशी करतात तसा दोनदा हलवला. "जा आता, बर्फ वाढतोय," ती म्हणाली. "तू गेलास की उतरवीन मी."

आम्ही गाडी मागे घेतली. बेसमेंटची खिडकी जमिनीलगत होती आणि आत दिवा चालू होता. वळताना मला दिसलं, मावशी टाचा उंचावून उभी होती आणि वरच्या फळीवरचं पहिलं खोकं दोन्ही हातांनी ओढत होती.